जॉली बॉयचा दिवस आखताना

दक्षिण अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर, पोर्ट ब्लेअरपासून साधारण ३० किलोमीटर अंतरावर वंडूर नावाचे गाव आहे. पोर्ट ब्लेअरचे अधिकृत नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झाले असले, तरी होडीवाले, टॅक्सीवाले आणि पर्यटक अजून जुनेच नाव घेतात. वंडूरच्या धक्क्यावरून लॅबिरिंथ बेटसमूहाकडे बोटी सुटतात. ही बेटे, त्यांच्यामधल्या खाड्या, खारफुटी आणि भोवतीचा प्रवाळांचा समुद्र मिळून १९८३ साली सागरी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. आज ते महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाते. क्षेत्र सुमारे २८१ चौरस किलोमीटर, बेटे १५. त्यांतल्या बहुतेक बेटांवर पर्यटकाला पाय ठेवता येत नाही. जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोनच बेटे दिवसाच्या भेटीसाठी उघडतात, तीही आलटून पालटून. मुक्कामाला कुठेच परवानगी नाही.

महाराष्ट्रातून अंदमानला जाणारे बहुतेक लोक सेल्युलर जेलच्या ओढीने जातात. सावरकरांची कोठडी पाहायची, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम पाहायचा आणि मग उरलेल्या दिवसांत समुद्र, असा त्यांचा क्रम असतो. त्या समुद्रातला सर्वांत मोलाचा दिवस जॉली बॉयचा, आणि घाईत उरकला जाणाराही तोच. विमान, हॉटेल, जेवण यांची व्यवस्था अनुभवी यात्रा कंपनी डोळे मिटून करते. मास्क-नळी लावून प्रवाळ पाहण्याच्या, म्हणजे स्नॉर्कलिंगच्या दिवसाला मात्र ती सवय पुरत नाही. इथे वेळ ठरवतात वारा, भरती आणि वनखाते. त्या तिघांच्या वेळेत गटाला बसवणे हेच आखणीचे मुख्य काम आहे.

पहिला प्रश्न महिन्याचा. अंदमानात नैर्ऋत्य मोसमी पाऊस भारतात सर्वांत आधी पोहोचतो. हवामान खात्याच्या सुधारित वेळापत्रकानुसार बेटांच्या दक्षिण भागात तो साधारण २२ मेच्या सुमारास येतो. तिथून पुढचे चार-साडेचार महिने समुद्र खवळलेला राहतो आणि पाणी गढूळ असते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा परतीच्या पावसाचा आणि बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत वारा पडतो, पाणी निवळते आणि होडी स्थिर राहते. वनखातेही ढोबळमानाने याच हिशेबाने चालते. कोरड्या मोसमात जॉली बॉय उघडे असते, पावसाळी महिन्यांत ते बंद करून वंडूरला जवळचे आणि जास्त आडोशाचे रेड स्किन उघडले जाते. त्यामुळे प्रत्येक बेटाच्या प्रवाळाला वर्षातले काही महिने माणसापासून सुटका मिळते. अदलाबदलीची नेमकी तारीख दर वर्षी वनखाते ठरवते, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबून बुकिंग करू नये.

असा विश्रांतीचा काळ देणारे अंदमान एकटे नाही. याच अंदमान समुद्राच्या पूर्व काठावर थायलंडचे सिमिलन राष्ट्रीय उद्यान आहे. ते दर वर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पूर्ण बंद असते. फी फी बेटांतली माया बे ही खाडी पर्यटकांच्या गर्दीने इतकी खचली, की जून २०१८ मध्ये ती बंद करावी लागली आणि जानेवारी २०२२ मध्येच पुन्हा उघडली. आता तिथे होड्या खाडीत शिरत नाहीत, मागच्या बाजूने लोक उतरवले जातात. वंडूरचे नियम ज्यांना जाचक वाटतात त्यांनी माया बेची ही कहाणी ध्यानात घ्यावी. वेळीच थोडे बंद ठेवले, तर पुढे सगळे बंद करण्याची पाळी येत नाही.

अडचण होते ती महाराष्ट्रातल्या सुट्ट्यांमुळे. घरोघरी प्रवास आखला जातो तो दिवाळीच्या सुट्टीत किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत. दिवाळी वादळांच्या मोसमात येते. एप्रिल-मे महिन्यांत समुद्र शांत असतो, पण पाणी वर्षातले सर्वांत तापलेले असते आणि त्याच काळात प्रवाळावर सर्वांत जास्त ताण येतो. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ माणसासाठी आणि प्रवाळासाठीही उत्तम, पण तेव्हा मुलांच्या परीक्षा असतात. यावर सरळ उत्तर नाही. ज्या घरात शाळकरी मुले नाहीत, जे निवृत्त आहेत, ज्यांना रजा कधीही मिळते, त्यांना फेब्रुवारीत पाठवावे. सुट्टीतच जाणाऱ्यांना एप्रिलचा पहिला पंधरवडा सुचवावा. मेच्या मध्यानंतर जॉली बॉयचे आश्वासन कुणालाही देऊ नये.

दुसरा प्रश्न सहलीतला कितवा दिवस. पुष्कळ कार्यक्रमपत्रिकांत हा दिवस शेवटी, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी टाकलेला असतो. ही आखणी चुकीची आहे. वाऱ्याने बोट रद्द झाली तर हातात दुसरा दिवस उरत नाही, आणि एवढ्या लांब येऊन समुद्र न पाहता परतलेल्या माणसाची निराशा कशानेच भरून निघत नाही. शिवाय उद्यान आठवड्यातून एक दिवस, सर्वसाधारणपणे सोमवारी, बंद असते. म्हणून जॉली बॉय सहलीच्या पहिल्या अर्ध्या भागात घ्यावे आणि त्यामागे एक मोकळा दिवस राखून ठेवावा. बोट निघालीच नाही तर त्या दिवशी पोर्ट ब्लेअरचे समुद्रिका संग्रहालय दाखवावे. प्रवाळांचे नमुने काचेआड नीट पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी पाण्यात काय पाहायचे हे जाणून उतरतो. खरे तर बोट रद्द झाली नाही तरी हे संग्रहालय आधी दाखवणे चांगले.

तिसरा प्रश्न तासांचा. अंदमान बेटे पूर्व रेखांश ९२ ते ९३ अंशांच्या आसपास आहेत, पण घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे. त्यामुळे तिथे मुंबईच्या मानाने दिवस फार लवकर उजाडतो आणि फार लवकर मावळतो. मार्च-एप्रिलमध्ये पाचच्या सुमारास लख्ख होते, तर हिवाळ्यात संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य बुडतो. पुण्या-मुंबईच्या सवयीने नऊला नाश्ता करून दहाला निघणारा गट दिवसाचा उत्तम भाग हॉटेलातच घालवतो. सकाळी वारा कमी असतो, पाणी काचेसारखे असते. दुपारी लाटांची बारीक खळबळ सुरू होते आणि पृष्ठभागावरच्या चकाकीने खालचे दिसेनासे होते. धक्क्यावर पहिल्या फेरीला हजर राहायचे तर पोर्ट ब्लेअर सहाला सोडावे लागते. नाश्ता बांधून घ्यावा. या एका गोष्टीवर आखणाऱ्याने तडजोड करू नये.

भरती-ओहोटीचा हिशेब मात्र फार कमी लोक करतात. कोकण किनाऱ्यावर वाढलेल्यांना तिथीवरून भरतीची वेळ काढता येते. पण तो हिशेब त्या त्या बंदरापुरता असतो, तो अंदमानात चालत नाही. तिथल्या बंदराचे भरतीचे कोष्टक पाहावे लागते. अंदमानातही दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात आणि उधाणाच्या दिवसांत पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. जॉली बॉयचे प्रवाळ किनाऱ्याला लागून, उथळ पाण्यात आहे. पूर्ण ओहोटीला त्याच्या माथ्यावर इतके थोडे पाणी उरते, की पालथा तरंगणारा माणूस पाय हलवताच प्रवाळाला लाथ मारतो. उधाणाच्या ओहोटीला बेटांमधल्या खाड्यांतून पाणी जोरात बाहेर ओढले जाते आणि खारफुटीचा गाळही सोबत येतो. भरती चढत असताना बाहेरच्या खोल समुद्राचे स्वच्छ पाणी आत येते, प्रवाळावर पुरेशी खोली मिळते आणि प्रवाहही सौम्य असतो. म्हणून भरती पूर्ण होण्याआधीचे दोन तास आणि नंतरचा एखादा तास पाण्यात घालवता येईल असा दिवस निवडावा. अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस नवशिक्यांना सर्वांत सोयीचे, कारण तेव्हा पाण्याची ओढ कमी असते. बोटींच्या वेळा ठरलेल्या असल्याने तास आपल्या हातात नसतात. तारीख मात्र निवडता येते, आणि भरतीची वेळ तारखेबरोबर पुढे सरकत असल्याने तारीख निवडली म्हणजे तासही निवडला जातो.

परवान्याचे काम कागदी आहे आणि ते लांबवण्यासारखे नाही. उद्यानात प्रवेशासाठी वनखात्याचा परवाना लागतो, रोज जाणाऱ्यांची संख्या मर्यादित असते आणि गर्दीच्या दिवसांत जागा लवकर संपतात. प्रत्येकाचे ओळखपत्र आणि त्यावरील नावाशी तंतोतंत जुळणारी यादी तयार ठेवावी. प्रवेशशुल्क, कॅमेऱ्याचे शुल्क आणि बोटीचे भाडे वेगवेगळे असते, ते बदलतेही. गटातल्या लोकांना हे सगळे एकत्र करून आधीच सांगितले की धक्क्यावर कुरकुर होत नाही.

प्लास्टिकबंदी हा या दिवसाचा सर्वांत कडक नियम. धक्क्यावर सामान तपासले जाते. प्लास्टिकच्या पिशव्या, वेष्टने, एकदाच वापरायच्या बाटल्या बेटावर नेता येत नाहीत. मराठी गटांना यात खरे तर अडचण पडू नये. स्टीलचे डबे आणि पाण्याचे स्टीलचे तांबे-बाटल्या घराघरांत आहेत. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, गुळपोळी हा प्रवासाचा जुना शिधा या बेटासाठीच बनवला असावा इतका सोयीचा आहे. सांडत नाही, वेष्टन लागत नाही, उन्हात दुपारपर्यंत टिकतो. बेटावर दुकान नाही, चहाची टपरी नाही, राहण्याजोगे बांधकाम नाही. काहीच विकत मिळत नाही हे आधी सांगितले नाही तर लोक गोंधळतात, मधुमेह असलेल्यांची तर गैरसोयच होते. डब्यात उरलेला प्रत्येक कण परत आणायचा असतो. फळांच्या साली ‘कुजतात’ म्हणून झाडाखाली टाकणे हाही तिथे कचराच, कारण त्या सालींवर उंदीर आणि कावळे येतात आणि बेटावरच्या जीवांचा तोल बिघडतो.

आदल्या संध्याकाळची बैठक हा साऱ्या आखणीचा कणा आहे. तिला किमान एक तास द्यावा, आणि ती जेवणानंतर घेऊ नये, पेंगुळलेल्या लोकांना काही कळत नाही. या बैठकीत पहिले काम म्हणजे पाण्यात कोण उतरणार हे ठरवणे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, दमा, अपस्मार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कानाचा जुना आजार, गरोदरपण यांबद्दल प्रत्येकाशी स्वतंत्रपणे, आवाज खाली ठेवून बोलावे. चारचौघांत विचारले तर आजोबा ‘मला काही नाही’ असेच सांगतात. स्नॉर्कलिंग सोपे दिसते म्हणून ते निर्धोक समजले जाते. प्रत्यक्षात तोंडाने नळीतून श्वास घेणे, अनोळखी पाणी आणि घबराट यांचा हृदयावर आणि श्वासावर चांगलाच भार पडतो. ज्यांनी उतरू नये त्यांना काचतळाच्या होडीतून प्रवाळ दिसते, आणि ते दृश्य अजिबात दुय्यम नसते. हे त्यांना सन्मानाने सांगावे, समजूत घालण्याच्या सुरात सांगू नये.

पोहता न येणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. महाराष्ट्राच्या गटांत त्यांची संख्या मोठी असते, साठीच्या पुढच्या बायकांमध्ये तर जवळजवळ सगळ्याच. लाइफ जॅकेट, रबरी टायर आणि शेजारी मार्गदर्शक एवढ्या आधाराने त्या उत्तम रीतीने तरंगतात. किंबहुना त्या सूचना नीट ऐकतात, घाई करत नाहीत आणि हात-पाय आवरून ठेवतात, म्हणून प्रवाळाला त्यांच्याकडून सर्वांत कमी इजा होते. धोका असतो तो विहिरीत पोहायला शिकलेल्या, स्वतःच्या ताकदीवर भरवसा असलेल्या तरुणांचा. ते जॅकेट सैल करतात आणि दोरीच्या हद्दीपलीकडे जातात. वंडूर परिसराच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. जवळच लोहाबॅरक येथे त्यांचे अभयारण्य आहे आणि वंडूरच्या किनाऱ्यावर इशाऱ्याचे फलक लावलेले आहेत. हद्द ओलांडू नये असे सांगताना हे कारणही सांगावे. कारण कळले की बहुतेक माणसे नियम पाळतात.

कपड्यांबद्दल बायकांशी मोकळेपणाने बोलणारी एखादी बाई गटात असावी. साडी किंवा ओढणी पाण्यात पायाला गुंडाळते, जड होते आणि टायरच्या दोरीत अडकते. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज हा पोशाख शोभतो, सुरक्षित असतो आणि अंगही उन्हापासून झाकतो. अंग झाकले की सनस्क्रीन क्रीम थोडे लागते, हा त्याचा आणखी एक फायदा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही क्रीममधली दोन रसायने प्रवाळाला घातक असल्याच्या कारणावरून पलाऊ या देशाने जानेवारी २०२० पासून आणि अमेरिकेच्या हवाई राज्याने जानेवारी २०२१ पासून तशा क्रीमवर बंदी घातली. भारतात ही बंदी नाही, म्हणून बाटलीवरची घटकांची यादी वाचण्याचे काम पर्यटकाचे. उघड्या राहणाऱ्या चेहऱ्याला आणि मानेला झिंक ऑक्साइडचे क्रीम पुरेसे आहे.

मास्क आदल्या रात्रीच घालून पाहावा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर तो बसतो, पडला तर दुसरा घ्यायचा. भरघोस मिशी असेल तर तिच्यातून पाणी शिरते. मिशीच्या कडेला व्हॅसलीन लावल्याने बहुतेक वेळा काम भागते. केसांची बट मास्कच्या कडेखाली अडकली तरी तेच होते. चष्मा मास्कखाली घालता येत नाही. जवळचे नव्हे पण लांबचे ज्यांना दिसत नाही, त्यांनी नंबरचा मास्क सोबत आणावा. वारंवार सहली करणाऱ्यांनी आपला मास्क आणि नळी विकतच घ्यावी, कारण भाड्याच्या मास्कचे रबर ताठरलेले असते. संपूर्ण चेहरा झाकणारे नवे मास्क नवशिक्यांना आवडतात, पण पाणी शिरल्यावर ते झटकन काढता येत नाहीत आणि त्यांत उच्छ्वासाची हवा साठण्याची शक्यता असते. ते टाळावेत.

सकाळी वंडूरच्या रस्त्याला लागताना सिप्पीघाटचा परिसर दिसतो. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली आणि इथली शेते कायमची खाऱ्या पाण्याखाली गेली. त्याच भूकंपाने उत्तर अंदमानचे काही किनारे वर उचलले, तिथले उथळ प्रवाळ पाण्याबाहेर आले आणि वाळून मेले. गाडीतून जाताना एवढी माहिती द्यावी. उलटीची गोळी ज्यांना लागते त्यांनी ती बोट सुटण्याच्या अर्धा तास आधी, म्हणजे गाडीतच घ्यावी. स्वच्छतागृह धक्क्यावरच वापरून घ्यावे.

वंडूरहून जॉली बॉयपर्यंत बोटीला पाऊण ते एक तास लागतो. बोट खारफुटीच्या काठाकाठाने, निर्मनुष्य बेटांमधून जाते. या प्रवासात गाणी लावण्याचा आग्रह होतो. तो मोडून काढावा. बेटाला धक्का नाही, म्हणून मोठी बोट थोड्या अंतरावर थांबते आणि लोक काचतळाच्या छोट्या होडीत उतरतात. स्थानिक लोक अशा छोट्या होडीला डुंगी म्हणतात. होडी हलत असताना पाय टाकायचा नाही, मध्यभागी पाऊल ठेवायचे आणि लगेच बसायचे. दिवसातल्या दुखापती पाण्यात कमी आणि या अदलाबदलीत जास्त होतात. गुडघेदुखी असलेल्यांना शेवटी नव्हे, सर्वांत आधी उतरवावे. मागे गर्दीचा रेटा नसला की तीही माणसे स्थिर पाऊल टाकतात.

पाण्यातले शिक्षण वाळूवर सुरू होते. कमरेएवढ्या पाण्यात, जिथे खाली फक्त वाळू आहे तिथे, प्रत्येकाने मास्क लावून चेहरा बुडवायचा आणि नळीतून पन्नास श्वास घ्यायचे. पहिले दहा श्वास धांदलीचे असतात. वीस-पंचवीस झाले की खांदे सैल पडतात आणि श्वास लांबतो. त्यानंतर नळीत पाणी भरून जोरात फुंकून ते बाहेर टाकायला शिकवावे, मग मास्कमध्ये शिरलेले पाणी वरची कड दाबून नाकाने फुंकून काढायला. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून धुणे हा कोळ्यांपासून पाणबुड्यांपर्यंत सर्वांचा उपाय आहे. त्यात समुद्रात काहीच रसायन जात नाही. या सरावाला वीस मिनिटे जातात. वेळ वाया जातो म्हणून लोक चुळबुळ करतात, तरी सराव गाळू नये. प्रवाळाचे बहुतेक नुकसान घाबरून उभे राहणाऱ्या माणसाच्या पायांनी होते, आणि ज्याला नळीतले पाणी काढता येते तो घाबरत नाही.

उभे राहण्याने काय होते हे प्रवाळ म्हणजे काय हे कळल्याशिवाय पटत नाही. प्रवाळ हा दगड नाही आणि वनस्पतीही नाही. तो लहान लहान प्राण्यांचा समूह आहे. हे प्राणी चुन्याचा सांगाडा रचतात आणि त्यांच्या जिवंत कातडीचा पातळ थर त्या सांगाड्यावर पसरलेला असतो. मेंदूसारखे गोल, भरीव प्रवाळ वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढते, फांद्यांचे प्रवाळ त्याच्या कितीतरी पट वेगाने. म्हणजे परातीएवढे भरीव प्रवाळ आजोबांच्या वयाचे असू शकते. एका टाचेने त्याची कातडी फाटते, त्या जखमेवर शेवाळ बसते आणि रोग शिरतो. हे सांगितल्यावर गटातली लहान मुलेच मोठ्यांना ‘पाय वर घ्या’ म्हणून ओरडू लागतात.

पाण्यात दृष्टी फसते, हेही आधी सांगावे. पाण्याखालच्या वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि जवळ भासतात. त्यामुळे दीड मीटर खाली असलेले प्रवाळ पोटाला लागेल असे वाटून नवशिका दचकतो आणि पाय खाली सोडतो. नियम एकच, काहीही झाले तरी आडवे राहायचे, टायर धरायचा, हात वर करायचा. एका मार्गदर्शकामागे चारपेक्षा जास्त माणसे असू नयेत. जास्त भाडे पडले तरी चालेल, पण हा आकडा वाढवू नये. फिन्स नवशिक्यांना देऊच नयेत. उथळ पाण्यात त्यांचा फटका काठीसारखा बसतो.

पाहण्यासारखे पुष्कळ असते आणि ते हळू जाणाऱ्यालाच दिसते. समुद्रफुलाच्या बोटांत लपणारे क्लाउनफिश, चोचीने प्रवाळावरचे शेवाळ खरवडणारे पोपटमासे, वाळूत पडलेल्या काळ्या समुद्रकाकड्या, निळ्या-हिरव्या ओठांचे जायंट क्लॅम. पोपटमासा खरवडताना चुन्याचे कण गिळतो आणि बारीक वाळू करून टाकतो. उष्ण कटिबंधातल्या पांढऱ्या पुळणींचा मोठा भाग असाच तयार झालेला असतो. एका जागी पाच मिनिटे निवांत तरंगले की मासे माणसाला विसरतात आणि आपापले काम करू लागतात. त्यांना बिस्किटे टाकणे हा गुन्हा समजावा. त्याने ठरावीक धीट मासे गोळा होतात, बाकीचे हुसकले जातात आणि शेवाळ खाण्याचे त्यांचे नेमून दिलेले काम थांबते.

रंगांबद्दल प्रामाणिक राहणे हे आखणाऱ्याचे कर्तव्य आहे. जाहिरातीतल्या छायाचित्रांत तांबडा-केशरी रंग भडक दिसतो तो कृत्रिम प्रकाशामुळे. पाण्यात तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. शिवाय अंदमानच्या प्रवाळाने तापलेल्या समुद्राचे अनेक तडाखे सोसले आहेत. प्रवाळाच्या कातडीत सूक्ष्म शैवाल राहते, त्याच्याकडून प्रवाळाला बहुतेक अन्न आणि रंग मिळतो. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभराने जास्त, काही आठवडे राहिले की हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. तेव्हा ते मेलेले नसते, उपाशी असते. पाणी लवकर निवाले तर सावरते, नाहीतर मरते. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत अंदमानात असे विरंजन झाले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातले चौथे मोठे विरंजन जाहीर केले. त्यामुळे जॉली बॉयला काही भाग सुंदर दिसेल, काही करडा आणि मोडलेला दिसेल. दोन्ही दाखवावेत. करड्या भागावर उगवलेले बोटभर नवे प्रवाळ ज्याने पाहिले, त्याला त्या जागेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

ज्यांनी आधी मालवणला स्नॉर्कलिंग केले आहे ते तुलना करतात. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवरही प्रवाळ आहे. तिथले पाणी अंदमानाइतके नितळ नसते आणि मोसम ऑक्टोबर ते मे असा असतो. पण पहिला सराव करायला ती जागा चांगली आहे. भाषा आपली, अंतर कमी, खर्च आटोक्यात. अंदमानला जाण्याआधी मालवणला किंवा निदान गावातल्या पोहण्याच्या तलावात मास्क-नळीची सवय केलेला माणूस जॉली बॉयला वीस मिनिटांऐवजी पाच मिनिटांत तयार होतो.

परतीची बोट दुपारी निघते. त्याआधी डोकी मोजावीत, डबे मोजावेत आणि पिशव्या झटकून घ्याव्यात. वाळूत पडलेला शंख, शिंपला किंवा मेलेल्या प्रवाळाचा तुकडा उचलण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि मूल उचलते तेव्हा मोठे माणूस कौतुकाने खिशात ठेवते. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने आहे. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलणे हा गुन्हा आहे आणि विमानतळावरच्या तपासणीत असे तुकडे पकडले जातात. रिकाम्या शंखात साधू खेकडे घर करतात, तुकड्यांवर नवे प्रवाळ रुजते, त्यामुळे कायदा नसता तरी ते तिथेच राहायला हवेत. कुणाच्या पिशवीत असे काही निघालेच, तर रागावू नये, लपवूही नये. बोट सुटण्याआधी ते जिथून उचलले तिथे ठेवून यावे.